अकरा हजार टाक्यांची गोधडी

पावसाळा सरला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच काम निघते. पत्र्याच्या पेट्या रिकाम्या होतात, कोंदट वास जावा म्हणून कपडे उन्हात पडतात, आणि शेवटी नको असलेल्या कपड्यांचा ढीग उरतो. विटलेल्या साड्या, गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, मुलांचे आखूड झालेले गणवेश. त्यातले बरे ते बोहारीण घेऊन जाते आणि बदल्यात एखादे स्टीलचे पातेले देते. उरलेले थेट कचऱ्याच्या डब्यात. वाचक बंधू-भगिनींनो, यंदा तो ढीग टाकण्यापूर्वी हा लेख वाचावा एवढीच आमची विनंती आहे.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून जमाखर्चाच्या वह्या हेच आमचे क्षेत्र. सुई-दोऱ्यावर आम्ही लिहायला बसलो म्हणून घरात हसू झाले. परंतु गेली काही वर्षे विहारातील महिला मंडळाचा हिशेब लिहिण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यामुळे दर रविवारी दुपारी गोधडी शिवणाऱ्या भगिनींच्या शेजारी सतरंजीवर बसावे लागते. बसून बसून आम्हीही टाके घालायला शिकलो. दोरा ओवून देण्याचे काम मात्र चष्मा लागल्यापासून मुलीकडे आहे.

प्रथम साडीचे गणित सांगतो, कारण ते फार सोपे आहे आणि आपल्या आज्या ते न लिहिता करीत होत्या. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार समान घड्या घातल्या की लांबी भरते पावणेसात फूट आणि रुंदी लुगड्याची असेल तेवढी, साधारण पंचेचाळीस इंच. एका माणसाला पुरेल असे अंथरूण-पांघरूण एकाच लुगड्यात, कात्री न लावता तयार! सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची असते. तिच्या तीन घड्या घातल्या तर सहा फूट लांबी मिळते. अशा दोन साड्या एकावर एक ठेवल्या की सहा थर झाले. थंडीला एवढे पुष्कळ. आणखी ऊब हवी असेल तर मधल्या थरात जुनी चादर, धोतर किंवा शर्टाच्या पाठी उसवून पसरवाव्यात. आतले कापड दिसत नाही, म्हणून तिथे डाग चालतो. परंतु कुजलेले, हाताने ओढताच फाटणारे कापड मात्र आत घालू नये. चार धुण्यांत त्याचे गोळे होतात.

कापड सुती असावे. आजकाल बऱ्याचशा साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात, त्यांची गोधडी उन्हाळ्यात अंगाला चिकटते, घाम टिपत नाही आणि शिवताना थर एकमेकांवरून घसरतात. कापड सुती आहे की नाही हे कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवून पाहावे. कागदासारखे जळून राख पडली तर सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. हे मुलांच्या हाती देऊ नये, आणि वितळता धागा बोटावर पडू देऊ नये. नवे कापड वापरायचे झाले तर आधी एकदा धुऊन वाळवावे, नाहीतर ते पुढे आटते आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. गडद लाल किंवा निळ्या कापडावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग फडक्याला लागला तर तो तुकडा वेगळा ठेवावा.

साड्या नसतील, नुसत्या चिंध्याच असतील तरी हरकत नाही. शिंप्याकडे कातरणाची पोती पडलेली असतात, मागितले तर बहुधा फुकट मिळते. त्यातून पाच इंचांचे चौकोन कापावेत. मापासाठी पुठ्ठ्याचा एक चौकोन करून ठेवला की सर्व तुकडे सारखे निघतात. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो आणि चार इंच उरतात. बारा चौकोनांची एक ओळ, अशा वीस ओळी, म्हणजे दोनशे चाळीस तुकडे. त्यांचा चार फूट रुंद आणि साडेसहा फुटांहून थोडा लांब असा वरचा पदर तयार होतो. आधी तुकडे जोडून पट्ट्या कराव्यात, मग पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात. एकेक तुकडा घेऊन जागेवर लावत बसले की माप चुकते, हे आम्ही स्वतः तीन रविवार वाया घालवून शिकलो आहोत.

आता मांडणी. जमीन झाडून चटई घालावी, तिच्यावर खालचा पदर ताणून पसरावा, मग आतले थर, मग वरचा पदर. चारी कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवावेत म्हणजे कापड हलत नाही. कडा आत दुमडून घ्याव्यात. त्यानंतर वीतभर अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घालावेत. पुष्कळ जणी हे टाळतात आणि नंतर पस्तावतात, कारण आपल्याकडे गोधडी कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत नेतात, आणि थर बांधलेले नसले की सगळे ढिले कापड मध्यभागी गोळा होऊन फुगा येतो. पुढे धावदोरा. सुई लांब, दोरा जाड आणि पक्क्या रंगाचा. इंचाला तीन टाके पडले तरी पुरे, नजरेत भरणारे बारीक टाके घालण्याचा हट्ट पहिल्या गोधडीला करू नये. टाका सर्व थरांतून पलीकडे गेला की नाही हे खालच्या हाताच्या बोटाने पाहत जावे. पक्के टाके झाले की कच्चे उसवून टाकावेत आणि शेवटी कडेला दोन इंची पट्टीचा गोट लावावा. कडच आधी फाटते, म्हणून गोटाला नेहमी नवे कापड घ्यावे.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी समाज आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतील अनेकांना गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. तिथल्या स्त्रियाही जुन्या कपड्यांची गोधडी अशीच कडेकडून आत शिवतात. तिला त्या कवंद म्हणतात, आणि कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. त्या तुकड्यांना त्या फुला म्हणतात. आमच्या मंडळातील एका ताईंनी फोटो पाहून तशा फुला लावून पाहिल्या, आणि आता वस्तीत सर्वांना तसेच कोपरे हवे आहेत!

ज्यांनी सुई कधी धरलीच नाही त्यांनी एकदम गोधडीला हात घालू नये. दीड फुटाची चौकोनी बसकर करावी, एका रविवारी होते. तीत सर्व काही येते: थर, कच्चे टाके, फेऱ्या, गोट. त्यानंतर चुलीवरचे पातेले उतरवायचे जाड फडके. ते मात्र शंभर टक्के सुती हवे. पॉलिएस्टर गरम भांड्याला वितळून चिकटते आणि हात भाजतो. जुन्या जीन्सचा पाय कापून, एक तोंड शिवून, दोन बंद लावले की भाजीची पिशवी झाली. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या भगिनींनी अशा पुष्कळ पिशव्या शिवल्या. जीन्सला हातसुई फार त्रास देते, तिथे मशीनच बरे. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मलमलीची किंवा खूप धुतलेली मऊ साडीच घ्यावी, थर दोन किंवा तीन, आणि बटण, टिकली, जर यांतले काहीही लावू नये.

हे झाले कसे करावे. आता थोडे आमच्या घरचे.

१९८२ च्या गिरणी संपात वडिलांचे काम गेले. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे. त्यानंतर घर चालले ते आईच्या सुईवर. चाळीतील लोक जुने कपडे आणून टाकीत, आई त्यांची गोधडी शिवून देई आणि वीस रुपये घेई. रात्री खोलीत दिवा असे तो तिच्यासाठी आणि आमच्या अभ्यासासाठी एकच. पुढे कॉलेजात गेलो आणि आम्हाला त्या गोधड्यांची लाज वाटू लागली. मित्र घरी यायचा असला की आम्ही गोधड्यांची चवड पलंगाखाली ढकलून वर सोलापुरी चादर पसरून ठेवीत असू. आईला ते कळत होते. ती काही बोलली नाही. पहिल्या पगारात आम्ही मखमली ब्लँकेट आणले. ते ती पाहुण्यांसाठी जपून ठेवी आणि स्वतः गोधडीच घेई.

एकदा मात्र ती बोलली. लोकांकडून आलेल्या ढिगातले कापड ती आमच्या स्वतःच्या गोधडीत कधीही घालीत नसे, चांगले असले तरी. का, असे विचारले तेव्हा तिने आजीची गोष्ट सांगितली. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी मयतावरचे कापड आमच्या लोकांना मिळे, तो आपला हक्क आहे असेही सांगितले जाई. त्याच कापडाची लुगडी होत आणि त्याच लुगड्यांच्या वाकळी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजीने ते कापड घेणे बंद केले. मयताच्या घरचा माणूस कापड आणून उंबऱ्याशी ठेवून गेला तर ती ते काठीने उचलून परत नेऊन ठेवी. त्या वर्षी थंडीत घरात पांघरूण कमी पडले. आजीने स्वतःची दोन लुगडी होती त्यांतले एक फाडून वाकळ शिवली. आईच्या हाताची रीत ती तिथून आली होती.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असे लिहिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला आणि त्याच परिषदेनंतर बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या स्त्रियांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकली. आजी शाळेत गेली नव्हती, परंतु हा सारा इतिहास तिच्या एका वाकळीत होता. आणि आम्ही, शिकलेले, ती पलंगाखाली ढकलत होतो.

विहारात भन्तेजींशी बोलताना कळले की चिंध्यांच्या शिवणीला विनयपिटकातही जागा आहे. आरंभी भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करीत. स्मशानात पडलेले कापडही त्यांत असे. त्याला पांसुकूल म्हणतात. परंतु तिथे राजपुत्र आणि न्हावी दोघे एकाच प्रकारचे कापड स्वेच्छेने नेसत होते, कोणी कोणावर लादलेले नव्हते. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून उपासकांनी दिलेले वस्त्र घेण्यास भगवंतांनी परवानगी दिली. चीवराचा नमुनाही पाहण्यासारखा आहे. मगधातील शेते आणि त्यांचे बांध पाहून, असे चीवर तुला करता येईल का, असे भगवंतांनी आनंदाला विचारले, आणि आनंदाने लहान-मोठे तुकडे बांधांसारख्या पट्ट्यांनी जोडून ते केले. भन्तेजींच्या अंगावरील चीवर नीट पाहिले तर ती शेते आजही दिसतात. वर्षावासानंतर आपण जे कठीण चीवरदान करतो त्यातील ‘कठीण’ हा शब्दही चीवर ताणून शिवायच्या चौकटीवरून आला आहे. एकाने धरायचे, दुसऱ्याने शिवायचे, आणि त्याच दिवशी पुरे करायचे.

आम्हा हिशेबनीसाला याहून आवडलेली गोष्ट कोसंबीची आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला की हा श्रमण एवढ्या कापडाचे करणार काय, दुकान घालणार की काय? त्याने येऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटणार. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचे? गादीचे अभ्रे. त्यांचे पुढे? जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकी जुनी झाली की? त्यांचे तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवतो. राजाने संतोषाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आजवर आम्ही तपासलेल्या कोणत्याही साठा नोंदवहीत मालाचा असा शेवटपर्यंतचा हिशेब लागलेला नाही.

आता सध्याचा हिशेब. वर सांगितलेल्या लुगड्याच्या गोधडीचे क्षेत्रफळ ३,६४५ चौरस इंच. टाक्यांच्या ओळी एक-एक इंचावर घातल्या तर सर्व ओळींची मिळून लांबी जवळपास तेवढेच इंच, म्हणजे शंभर वारांच्या थोडी वर. इंचाला तीन टाके धरले तर अकरा हजार टाके होतात. आम्ही घड्याळ लावून पाहिले. हात बसलेल्या एका मावशींना एक वार ओळ घालायला बारा मिनिटे लागली. म्हणजे निव्वळ टाक्यांना वीस तास, आणि मांडणी, कच्चे टाके, गोट धरून पंचवीस तास. एक व्यापारी वस्तीत येऊन तयार गोधडी साडेतीनशे रुपयांना नेत असे. तासाला चौदा रुपये पडले. त्याच गोधडीवर शहरातील एका प्रदर्शनात दोन हजार दोनशेची चिठ्ठी आमच्या एका ताईंनी स्वतः पाहिली. तिने ती ओळखली ती कोपऱ्यावरच्या स्वतःच्या नातवाच्या गणवेशावरून!

हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ सर्व जणी गप्प होत्या. मग मावशी म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही हे आकडे आधी का नाही मांडले?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस रुपयांत आई किती तास बसत होती हेही आम्ही तोवर कधी मोजले नव्हते.

तेव्हापासून मंडळात प्रत्येकीच्या नावे वही आहे आणि तीत तास लिहिले जातात. गोधडीची किंमत चौदाशे ठरवली, त्यातले बाराशे शिवणारीचे, बाकीचे दोरा, गोट आणि गाडीभाडे. व्यापारी येईनासा झाला. पहिल्या वर्षी सातच गोधड्या खपल्या, त्यांतल्या चार १४ एप्रिलच्या आसपास. दोन भगिनी मंडळ सोडून पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे गेल्या. त्यांना आम्ही दोष देत नाही. खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते, चौदाशेचे गिऱ्हाईक दर महिन्याला येत नाही. यावर अजून तोड सापडलेली नाही. पिशव्या आणि बसकरी लवकर खपतात, म्हणून सध्या तेच अधिक करतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे गाव आहे. मळ्यावर राबवलेल्या गुलामांचे वंशज तिथे राहतात आणि त्यांच्या स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९६२ साली तिथले लोक मतदार म्हणून नोंदणी करायला नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा त्यांची नावच बंद करण्यात आली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढून गोधड्या विकल्या. पुढे २००२ साली त्या गावच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवरही आल्या. आणि २००७ साली काही जणींना विक्रीच्या पैशांच्या वाट्यासाठी न्यायालयात जावे लागले. दावे नंतर मिटले, परंतु हे वाचून आमच्या मंडळात वह्यांबद्दलची कुरकुर मात्र कमी झाली.

त्याच गावच्या मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपावे म्हणून शिवली, असे तिच्या मुलीने सांगून ठेवले आहे. हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

आई २०१९ साली गेली. तिच्या सुती साड्या पेटीत तशाच होत्या. कोणाला द्याव्यात असे आमच्या पत्नीने दोनदा सुचवले, त्यांची गोधडी करू असेही म्हणाली. आम्ही दोन्ही वेळा नको म्हणालो. मेलेल्या माणसाचे कापड, हा आजीचा शब्द आडवा येत होता. आजीने परत केले ते दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून आलेले, आणि हे आपल्या आईचे, एवढा फरक कळायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

गेल्या महिन्यात पेटी उघडली. दोन साड्या, तीन-तीन घड्या, सहा थर. विहारातील फरशीवर मावशींनी चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले, कच्चे टाके पत्नीने घातले. कडेची पहिली फेरी आम्ही स्वतः घातली. ती नागमोडी गेली आहे आणि एके ठिकाणी टाका खालच्या थरापर्यंत पोहोचलेलाच नाही. आम्ही उसवायला लागलो तर मावशींनी कात्री काढून घेतली. अजून बऱ्याच फेऱ्या बाकी आहेत. वहीत आतापर्यंत नऊ तास लिहिले आहेत.